सोड!

जरा डोळे मिटा. तुम्ही आता चिपाडांच्या ढिगावर बसला आहात. चिपाड म्हणजे रस काढून घेतल्यावर उरलेला चपटा ऊस. वाळला की तो चुलीत जातो. ढीग घराएवढा उंच आहे, आणि वर बसलं की सगळं गुऱ्हाळ खाली दिसतं. डावीकडे काहील आहे, म्हणजे बैल आत बसेल एवढी पसरट कढई. तिच्यात रस रटरटतोय. उजवीकडे घाणा. लोखंडाचे तीन जाड रूळ एकमेकांना घासून फिरतायत आणि एक माणूस त्यांच्या फटीत ऊस सारतोय. कड्, कड्, कड्.

तो माणूस म्हणजे माझे आबा, ज्योतिराम. आणि ढिगावर तुमच्या शेजारी परकर-पोलक्यातली जी मुलगी दातांनी ऊस सोलतेय, ती मी, शालन. वय तुमच्याएवढंच.

आता घाण्याच्या मागं बघा. तिथं पत्र्याची एक खोली आहे. मोटरचं बटण तिच्यात. खोलीला घाण्याच्या बाजूनं खिडकी नाही. चिपाडाची धूळ आणि रसाची वाफ करंटला लागू नये, म्हणून माझ्या आजोबांनी ती बाजू मुद्दाम बंद ठेवली होती. विचार चांगलाच होता. आत केरबामामा बसायचा. तो आमच्या नात्यातला नव्हे, पण गावातल्या मोठ्या माणसांना आम्ही मुलं मामा नाहीतर काका म्हणायचो. मामाला बाहेरचं दिसायचं नाही, ऐकू यायचं. आबा ओरडले "बंद!" की तो मोटर बंद करी. ओरडले "सोड!" की चालू करी. पाटाला पाणी सोड म्हणतात, तसं करंट सोड. आजोबांपासून हीच रीत.

त्या सकाळी केरबामामा खोलीतून बाहेर आला आणि घाण्यापाशी येऊन उभा राहिला. बुटका, खाकी चड्डी, कानाला बिडी.

"ज्योतिराम, त्या भिंतीला एक भोक पाडून दे मला. वीतभर बास."

"कशापायी?"

"तू दिसत न्हाईस मला."

आबा हसले. "लगीन झालंय रं माझं. बायको बघती तेवढं पुरं हाय की."

सगळे खदखदले. केरबामामा हसला नाही.

"थट्टा न्हवं. ऊस अडाकला की तू हात घालतूस आत. मला नुसता आवाज येतोय. एक दिवस हात जाईल तुझा."

हसणं जागच्या जागी मेलं. काहिलीपाशी दौलूनाना उभे होते. ते गुळव्या, म्हणजे पाक कधी उतरवायचा ते ठरवणारे जाणते. त्यांचा शब्द सगळे मानायचे. त्यांनी हातातलं फावडं जमिनीवर आपटलं. "भरल्या काहिलीम्होरं असलं अभद्र बोलतूस? जीभ हासडून ठेवीन!"

बापूसोकाका, आबांचा धाकटा भाऊ, तर थेट मामाच्या अंगावर गेला. "माझ्या दादाचं वाईट चिंततूस व्हय रं?"

"चिंतत न्हाई बापूसो. काय हुईल ते सांगतोय."

"हुईल म्हणायचंच न्हाई! वास्तू ऐकत असती!"

आमच्याकडे असं होतं. वाईट काय होऊ शकतं, ते तोंडानं काढायचं नाही. बोललं म्हणजे मागितलं. नानांनी जोतिबाचं नाव घेत गुळाचा खडा चुलीत टाकला. काकानं छातीवर हात देऊन मामाला मागं ढकलत ढकलत खोलीत नेऊन घातलं. आबा मात्र एवढंच म्हणाले, "जाऊ दे रं बापूसो, त्यो तसाच हाय," आणि पुन्हा ऊस सारू लागले.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा घाणा कण्हला. एकदम जास्त ऊस गेला होता.

"बंद!" आबा ओरडले. मोटर थांबली.

अशा वेळी काय करायचं, तेही ठरलेलं होतं. रूळ फिरवणाऱ्या मोठ्या चाकावरचा पट्टा काकानं दोन्ही हातांनी धरून उलटा ओढायचा. रूळ थोडे मागं फिरायचे. मग आबांनी फटीत बोटं घालून अडकलेले तुकडे काढायचे. शेकडो वेळा केलेलं काम. मी ढिगावरून बघत होते.

"वढ की जरा."

"वढतोय की!"

"उलटा रं, उलटा! सुलटा काय वढतूस?"

काकाचा पाय रसाच्या चिखलात घसरला होता. तो पट्ट्याला लोंबकळला आणि पट्टा नको त्या बाजूला आला. रूळ बोटभर पुढं सरकले. आबांच्या बोटांची टोकं चिमटली.

"सोड! आरं सोड!"

ते काकाला म्हणत होते. पट्टा सोड.

पत्र्याच्या खोलीत मोटर गुरगुरली.

पुढचं मी तुम्हाला थोडक्यात सांगणार आहे, पण खोटं सांगणार नाही. आबांचा हात आत गेला. आधी पंजा, मग मनगट, मग त्याच्या वरचा. आवाज तोच आला, कड्, कड्. आबा ओरडलेसुद्धा नाहीत आधी. ते हाताकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग ओरडले, आणि तो आवाज नदीपलीकडच्या शेतात ऐकू गेला. पट्ट्यानं काकाला उचलून चिखलात फेकलं. त्याच्या दोन्ही तळव्यांची कातडी पट्ट्याबरोबर गेली.

मोटर लगेच थांबली. केरबामामानं ती किंकाळी ऐकून स्वतःच बंद केली होती. तो धावत बाहेर आला आणि त्यानं आबांकडे बघितलं.

चौघांनी मिळून चाक उलटं फिरवून आबांना सोडवलं. दौलूनानांनी डोक्याचा फेटा काढून आबांच्या दंडाला करकचून आवळला. पांढरा फेटा बघता बघता लाल झाला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चिपाडं पसरून आबांना घातलं. धावत आलेली आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मला म्हणाली, "तू हितंच थांब. कुठं जाऊ नगंस." आबांचा जीव वाचला आणि हात कोपरापासून गेला, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या घटकेला सगळे धरून चालले होते की ते वाटेतच जाणार.

ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला, तसा काका उठला.

"ह्यानं केलं," तो म्हणाला. "सकाळीच बोलला हुता. समद्यांच्या म्होरं बोलला हुता, हात जाईल म्हणून."

किंकाळी ऐकून आसपासच्या शेतांतली माणसं गोळा झाली होती. कुणाच्या हातात खुरपं, कुणाच्या हातात फावडं, जे हातात होतं ते घेऊन आलेली. ती गोष्ट तोंडातोंडी फिरली. सकाळी बोलला, दुपारी केलं.

पहिला तडाखा उसाच्या दांड्याचा. मामाच्या कानावर बसला. मग लाथा. तो हात वर करून एकच सांगत होता, "सोड ऐकलं मी. ज्योतिराम सोड म्हणाला."

"हात आत आसताना कोण सोड म्हणंल रं?" एक जण ओरडला आणि त्यानं मामाच्या तोंडावर बुक्की घातली. मामानं रक्त थुंकलं, त्यात दात होता. कुणीतरी त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली, सदरा टराटरा फाटला, एक बाही तेवढी अंगावर राहिली. तो खाली पडला तरी लाथा थांबल्या नाहीत. पोटात, पाठीत, डोक्यात. मला वाटलं, आता मारतील. खरोखरच मारून टाकतील. माणूस मरतो तेव्हा इतकाच वेळ लागत असेल.

मी ढिगावरून घसरत खाली आले. "आबा म्हणाले सोड! मी ऐकलंय!" एका बाईनं मला पोटाशी आवळून धरलं. "बगू नगंस बाळ." मी पुन्हा ओरडले. ती दुसरीला म्हणाली, "पोर भ्यालीया बिचारी, कायबी बोलतीया."

तो शब्द ऐकलेला आणखी एक माणूस तिथं होता. बापूसोकाका. आबा ज्याला म्हणाले, तोच. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. आणि मग तो आणखी जोरात मारायला लागला.

"शिरपा!" काका ओरडला. शिरपा चुलीत चिपाडं घालणारा. केरबामामा जेवायला बसला की बटणापाशी हाच बसायचा. "त्या खोलीत जाऊन थांब. पोलीस येईस्तवर कुणाला आत शिरू देऊ नगंस."

शिरपा गेला. काकानं मामाचं मनगट धरलं आणि त्याला चिखलातून फरफटत घाण्याकडे नेलं.

"हाताला हात! ह्याचाबी घालतो आत. पट्टा वढा रं दोघंजण!"

दोघे पट्ट्याला गेले. मामा लहान मुलासारखा रडत होता. "बापूसो, पाया पडतो तुझ्या. न्हाई केलं रं मी." काकानं गुडघा त्याच्या पाठीत रोवला आणि त्याचा हात रुळांच्या तोंडाशी दाबला. रुळांवर आबांचं रक्त अजून ओलं होतं.

मी त्या बाईच्या हाताला कडकडून चावले. ती किंचाळली, मी सुटले. धावत जाऊन काकाचा सदरा मागून धरला आणि जिवाच्या आकांतानं ओरडले,

"काका, सोड! सोड त्याला! सोड!"

पत्र्याच्या खोलीत मोटर गुरगुरली.

रूळ फिरले. पट्ट्याला धरलेले दोघे भेलकांडले. मामाची बाही आत गेली, आणि बाहीमागून हातही आत चालला. आणि जो काका आत्तापर्यंत सगळ्या ताकदीनं तो हात आत दाबत होता, त्यानं त्याच ताकदीनं मामाला मागं खेचलं. दोघे उताणे चिखलात पडले. मी त्यांच्याखाली. बाही खांद्यापासून उसवून सुटली, रुळांनी ती निम्मी गिळली.

"बंद! बंद! आरं बंद कर!" आता सगळेच ओरडत होते. मोटर थांबली.

खोलीच्या दारात शिरपा आला. चुलीतल्या राखेसारखा चेहरा.

"सोड म्हणालं न्हवं कोणतरी?" तो पुटपुटला. "शालीच म्हणाली न्हवं? मी... हात आपसूक गेला. मला कळलंबी न्हाई."

काहिलीतला रस तेवढा रटरटत होता.

काका चिखलात बसला होता. तो आपल्या सोललेल्या तळव्यांकडे बघत राहिला.

"मला म्हणाला हुता दादा," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की पुढच्यांनाच ऐकू गेला. "पट्टा सोड म्हणाला हुता. मला ठावं हुतं. पयल्यापास्नं ठावं हुतं."

"म्हंजी बापूसो, तू..."

हे बोलणाऱ्या माणसाच्या हातात फावडं होतं. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं. त्याच्यामागच्या दोघांनीही टाकलं. आत्ता केरबावर जे डोळे होते तेच काकावर फिरले, तसेच लाल. काकानं हातही वर केले नाहीत. मान खाली घातली, जसा काही तो वाटच बघत होता.

"त्याला मारून काय हुणार?"

केरबामामा बोलत होता. ओठ फाटलेला, शब्द धड बाहेर येत नव्हते.

"त्याला मारशीला. उद्या परत सोड म्हणशीला. परत कुणाचा तरी हात जाईल."

सकाळी म्हणाला होता तेच तो पुन्हा म्हणाला. या खेपेला कुणी त्याला अभद्र म्हटलं नाही. फावडं खाली आलं.

मग दौलूनाना पुढं येऊन म्हणाले, "शब्दच बदलूया. आजपास्नं सोड म्हणायचंच न्हाई. चालू म्हणायचं."

"व्हय, व्हय," चारदोन माना हलल्या. सगळ्यांना बरं वाटलं. काहीतरी ठरलं.

मी म्हणाले, "नाना, मला ठावं हुतं."

"काय ठावं हुतं बाळ?"

"आबा काय म्हणाले, मामानं काय ऐकलं, समदं. मी ढिगावरनं बघितलं. तरीबी माझ्या तोंडातनं सोडच आलं."

नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

एक काम मात्र राहिलं होतं. रुळांत दोन बाह्या अडकल्या होत्या. एक मामाची. दुसरी आबांची, आणि त्या बाहीत आबांचं जे राहिलं होतं, ते. तसंच टाकून घरी जाणं कुणाला शक्य नव्हतं. ते बाहेर काढून पुरायला हवं होतं. आणि ते काढायचं म्हणजे त्याच फटीत हात घालायला हवा होता.

एकमेकांच्या तोंडाकडे बघत सगळे उभे राहिले. कुणी हलेना.

"मी काढतो," केरबामामा म्हणाला. खांबाला धरून तो उठला आणि लंगडत घाण्यापाशी गेला. हात पुढं केला. रुळांपासून वीतभर अंतरावर तो हात थांबला.

"शिरपा, बटनापास्नं लांब हो," कुणीतरी म्हणालं.

"लांबच हाय की मी."

"लांब हो म्हणतोय न्हवं!"

शिरपा आणखी चार पावलं मागं सरला. मामानं पत्र्याच्या भिंतीकडे बघितलं. ज्या भिंतीत त्याला भोक हवं होतं, तिकडे. आत कोण आहे, बाहेरून त्याला तरी कुठं दिसत होतं? त्याची बोटं पुढं जात नव्हती.

मी धावत खोलीत गेले.

भिंतीवर लोखंडी पेटी होती, तिला बाजूला खटका. पेटीच्या आत पांढऱ्या चिनीमातीच्या तीन फ्यूज. त्यांतली एखादी जळाली की गुऱ्हाळ दिवसभर गप्प बसायचं, मग कुणी सोड म्हणा, चालू म्हणा, नाहीतर देवाचं नाव घ्या. मी रिकामं खोकं ओढलं आणि वर चढले. (तुम्ही कुणी असल्या पेटीला हात लावायचा नाही, सांगून ठेवते.) झाकण उघडेना. पुन्हा ओढलं, उघडेना. मग ध्यानात आलं, खटका वर होता. तो खाली केल्याशिवाय झाकण निघतच नव्हतं. पेटी करणाऱ्या कुणा अनोळखी माणसानं माझ्यासारखं कुणीतरी घाईत हात घालील, हे आधीच मनात आणलं होतं, आणि त्याला कुणी अभद्र म्हटलं नव्हतं.

मी खटका खाली ओढला. खाड्‌कन आवाज झाला. झाकण उघडलं. तिन्ही फ्यूज ओढून काढल्या, परकराच्या ओच्यात घेतल्या आणि बाहेर आले.

सगळे वाट सोडून बाजूला झाले. मी केरबामामासमोर जाऊन उभी राहिले. त्याचा सदरा तर राहिलाच नव्हता. म्हणून मी त्या फ्यूज एकेक करून त्याच्या खाकी चड्डीच्या खिशात घातल्या, वरून खिसा थोपटून बघितला, आणि म्हणाले,

"मामा, आता घाला हात."